घोड्यांमधील जंत : नव्या अश्वपालकासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

घोडा पाळण्यास सुरुवात करणाऱ्या व्यक्तीला सुरुवातीच्या दिवसांत जे सल्ले मिळतात, त्यांमध्ये "दर दोन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे आणि प्रत्येक वेळी औषध बदलावे" हा सल्ला हमखास असतो. हा सल्ला मुळात निराधार नव्हता. १९६६ मध्ये अमेरिकेतील केंटकी येथील ड्रज आणि लायन्स या परजीवीशास्त्रज्ञांनी मांडलेल्या पद्धतीतून तो पुढे आला. त्या काळी घोड्याचा सर्वांत घातक जंत म्हणजे स्ट्रॉन्गायलस व्हल्गॅरिस हा होता. औषध दिल्यावर साधारण आठ आठवड्यांनी लिदेत पुन्हा अंडी दिसू लागत. त्यामुळे त्याआधीच पुढचा डोस दिला, की कुरणावर अंडी पडण्याचे थांबत असे. ही पद्धत इतकी यशस्वी ठरली की तो जंत अनेक ठिकाणी दुर्मीळ झाला. मात्र दर दोन महिन्यांच्या औषधाच्या माऱ्यातून जे लहान जंत जगले, त्यांचीच संतती वाढत गेली आणि आज जगभरातील तबेल्यांमध्ये त्या औषधांना न जुमानणारे जंत आढळतात. म्हणून आज योग्य ठरणारा क्रम वेगळा आहे : आधी लीद तपासावी, मग कोणत्या घोड्याला औषध द्यायचे ते ठरवावे, औषध लागू पडले की नाही याची खात्री करावी आणि या सगळ्याच्या बरोबरीने कुरणातील लीद उचलत राहावी.

पायरी १ : कोणते जंत महत्त्वाचे, ते जाणून घ्यावे

घोड्याच्या शरीरात राहणाऱ्या जंतांची यादी फार मोठी आहे, पण नवख्या व्यक्तीने चार गटांकडे नीट लक्ष दिले तरी पुष्कळ झाले.

पहिला आणि प्रौढ घोड्यांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा गट लहान स्ट्रॉन्गाइल जंतांचा आहे. यांच्या पन्नासच्या आसपास जाती ज्ञात आहेत, त्यांची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आतच असते आणि कुरणात चरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घोड्याच्या पोटात ते थोड्याफार प्रमाणात असतातच. त्यामुळे "माझ्या घोड्याला जंत आहेत का" हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. "किती आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत" हा प्रश्न विचारावा. गवताबरोबर गिळलेल्या अळ्या मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरतात आणि तेथे स्वतःभोवती कोष करून राहतात. काही अळ्या काही आठवड्यांत बाहेर पडून प्रौढ होतात, तर काही महिनोन्‌महिने, प्रसंगी दोन वर्षांहून अधिक काळ तशाच सुप्त राहतात. या कोषातील अळ्या अंडी घालत नाहीत, त्यामुळे लिदेच्या तपासणीत त्या दिसत नाहीत, आणि बहुतेक औषधेही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. हजारो अळ्या एकाच वेळी अस्तर फोडून बाहेर पडल्या, तर आतड्याला तीव्र सूज येते, पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, वजन झपाट्याने उतरते आणि पोटाखाली पाणी साचल्यासारखी सूज दिसते. उपचार करूनही अशा घोड्यांपैकी निम्म्यापर्यंत दगावू शकतात. हा प्रकार मुख्यतः सहा वर्षांखालील घोड्यांमध्ये आढळतो आणि थंड प्रदेशांत हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंताच्या सुरुवातीस त्याचा धोका अधिक असतो.

दुसरा गट मोठ्या स्ट्रॉन्गाइल जंतांचा. यातील स्ट्रॉन्गायलस व्हल्गॅरिसचा प्रवास ऐकला की जुन्या अश्वपालकांना त्याची एवढी धास्ती का होती, हे कळते. त्याच्या अळ्या आतड्याची भिंत भेदून रोहिण्यांच्या अस्तरातून वर सरकत जातात आणि आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिणीत काही महिने मुक्काम करतात. तेथे रोहिणीची भिंत सुजते, रक्ताच्या गुठळ्या तयार होतात आणि त्यातील तुकडा सुटून पुढे अडकला, तर आतड्याच्या त्या भागाचा रक्तपुरवठाच बंद पडतो. अळी गिळली जाण्यापासून ती प्रौढ होऊन अंडी घालेपर्यंत साधारण सहा ते सात महिने लागतात. हा कालावधी लक्षात ठेवावा, कारण पुढे औषधांच्या वेळापत्रकात तो उपयोगी पडणार आहे.

तिसरा गट शिंगरांचा शत्रू आहे : पॅरास्कॅरिस नावाचे मोठे गोल जंत. पांढरट रंगाचा हा जंत पन्नास सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो आणि लहान आतड्यात राहतो. त्याच्या अळ्या आतड्यातून यकृतात, तेथून फुप्फुसांत आणि खोकल्यावाटे वर येऊन पुन्हा गिळल्या जाऊन आतड्यात परततात. त्यामुळे खोकणारे, नाक गळणारे, खाऊनही न वाढणारे आणि पोट सुटलेले शिंगरू दिसले, तर या जंताचा विचार करावा. याची अंडी जाड कवचाची आणि चिकट असतात. ती तबेल्याच्या भिंतींना, गव्हाणींना, घोडीच्या सडांनाही चिकटून राहतात आणि जमिनीत अनेक वर्षे टिकतात. साधारण एक वर्षाच्या वयानंतर बहुतेक घोड्यांमध्ये त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते.

चौथा गट चपट्या जंतांचा, म्हणजे पट्टकृमींचा. अॅनोप्लोसेफाला परफोलिएटा हा त्यातील प्रमुख. गवतात राहणाऱ्या अतिसूक्ष्म कोळीवर्गीय किड्यांमार्फत तो घोड्याच्या पोटात जातो आणि लहान आतडे जेथे आंधळ्या आतड्याला मिळते, नेमक्या त्या अरुंद जागी गोळा होतो. तेथे अडथळा किंवा आचके निर्माण झाल्याने पोटशूळ उठतो.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात पुरे. बॉट माशी घोड्याच्या पुढच्या पायांवर, खांद्यावर किंवा जबड्याखाली बारीक पिवळसर अंडी चिकटवते आणि तिच्या अळ्या जठरात राहतात. ही अंडी बोथट पात्याने खरवडून काढता येतात. शेपटीच्या मुळाशी केस तुटेपर्यंत घोडा अंग घासत असेल, तर सूचिकृमींचा संशय घ्यावा. त्यांची अंडी गुदद्वाराभोवती चिकटलेली असल्याने लिदेऐवजी त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावून तपासणी करतात, आणि तो भाग रोज फेकून देण्याजोग्या ओल्या फडक्याने पुसल्याने बराच फरक पडतो. गाढवांबरोबर चरणारा घोडा दीर्घकाळ खोकत असेल, तर फुप्फुसातील जंतांची शक्यता पशुवैद्यकाच्या कानावर घालावी. उन्हाळ्यात न भरणाऱ्या, दाणेदार जखमांमागेही माश्यांनी आणलेल्या हॅब्रोनेमा जंताच्या अळ्या असू शकतात.

पायरी २ : प्रत्येक घोड्याची नोंदवही तयार करावी

औषधाचा विचार करण्याआधी प्रत्येक घोड्याचे वय, वजन, कोणत्या कुरणात आणि कोणाबरोबर चरतो, यापूर्वी कोणते औषध केव्हा दिले, एवढी माहिती एका वहीत लिहून काढावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण वर्षभरानंतर हीच वही सर्वांत मोलाची ठरते.

वजन नजरेने ठरवू नये. अंदाजे सांगितलेले वजन बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी निघते, आणि कमी डोस म्हणजे अर्धवट मारलेले जंत. वजनकाटा उपलब्ध नसेल, तर साध्या मोजपट्टीने काम भागते. कोपराच्या मागे, जेथे तंग बसतो त्या जागी, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. नंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत शरीराची लांबी मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. उदाहरणार्थ, घेर १६० आणि लांबी १४० सेंटिमीटर असेल, तर वजन सुमारे ३०२ किलोग्रॅम भरते. हे सूत्र प्रौढ घोड्यांसाठी आहे. शिंगरांचे आणि गाभण घोड्यांचे वजन त्यातून बरोबर मिळत नाही.

पायरी ३ : लिदेचा नमुना घ्यावा

नमुना कोणत्या घोड्याचा आहे याविषयी शंका नसावी, म्हणून घोड्याने लीद टाकताना पाहून, शक्य तितक्या लवकर तो उचलावा. लिदेच्या ढिगातील तीन-चार वेगवेगळ्या गोळ्यांमधून थोडा थोडा भाग घेऊन साधारण मूठभर नमुना प्लास्टिकच्या पिशवीत भरावा, पिशवीतील हवा दाबून काढून टाकावी, तोंड घट्ट बांधावे आणि वर घोड्याचे नाव व तारीख लिहावी. स्ट्रॉन्गाइलची अंडी उष्ण हवेत एका दिवसाच्या आतही उबू लागतात, आणि उबलेले अंडे मोजणीत येत नाही. म्हणून नमुना लगेच शीतकपाटात ठेवावा, पण गोठवू नये. थंड आणि हवाबंद ठेवलेला नमुना काही दिवस चालतो. तबेल्यात दुपारपर्यंत उन्हात पडून राहिलेली लीद तपासून "जंत नाहीत" असा अहवाल मिळवण्यात काही अर्थ नाही.

तपासणी प्रयोगशाळेत किंवा पशुवैद्यकाकडे होते. काही अश्वपालक सूक्ष्मदर्शक घेऊन ती स्वतःही शिकतात, आणि ते अवघड नाही. मॅकमास्टर पद्धतीत चार ग्रॅम लीद मिठाच्या किंवा साखरेच्या संपृक्त द्रावणाच्या २६ मिलिलिटरमध्ये कालवून गाळतात आणि खास रेघा आखलेल्या काचेच्या पट्टीच्या दोन कप्प्यांत भरतात. दाट द्रावणात अंडी वर तरंगतात. पाच-एक मिनिटे थांबून दोन्ही कप्प्यांतील रेघांमधली अंडी मोजायची आणि त्या संख्येला २५ ने गुणायचे, की एका ग्रॅम लिदेतील अंड्यांची संख्या मिळते. स्ट्रॉन्गाइलचे अंडे लंबगोल आणि पातळ कवचाचे, तर पॅरास्कॅरिसचे अंडे गोलसर, तपकिरी आणि जाड कवचाचे असते. त्यामुळे हे दोन गट वेगळे ओळखता येतात. मोठ्या आणि लहान स्ट्रॉन्गाइलची अंडी मात्र सारखीच दिसतात. त्यांतला फरक कळण्यासाठी प्रयोगशाळेत अंड्यांपासून अळ्या वाढवाव्या लागतात.

पायरी ४ : अहवालाचा योग्य अर्थ लावावा

प्रौढ घोड्यांसाठी सर्वसाधारणपणे एका ग्रॅममागे २०० पर्यंत अंडी असल्यास घोडा कमी अंडी टाकणारा, २०० ते ५०० असल्यास मध्यम आणि ५०० च्या वर असल्यास जास्त अंडी टाकणारा समजतात. कोणत्याही कळपात अंड्यांची विभागणी समान नसते. साधारण वीस टक्के घोडे कुरणावरील ऐंशी टक्के अंड्यांना जबाबदार असतात. प्रौढ घोड्याची ही प्रवृत्ती वर्षानुवर्षे बहुतेक तशीच राहते. म्हणजे दोन-तीन तपासण्यांनंतर कळपातील कोणता घोडा कुरण दूषित करतो हे कळून चुकते, आणि सगळ्यांना सरसकट औषध देण्याची गरज उरत नाही.

ज्यांना औषध दिले जात नाही, त्या कमी अंडी टाकणाऱ्या घोड्यांच्या पोटातील आणि कुरणावरील जंतांचा औषधाशी संबंध येत नाही. हे जंत औषधाला बळी पडणारे राहतात आणि औषधातून वाचलेल्या जंतांच्या संततीत मिसळून प्रतिकाराचा वेग कमी करतात. प्रत्येक जंत मारण्याचा हट्ट धरणाऱ्याला हे पटवणे कठीण जाते; पण थोडे जंत मुद्दाम जगू देणे हा या पद्धतीचा पायाच आहे.

अहवालाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. अंड्यांची संख्या म्हणजे जंतांची संख्या नव्हे; आतड्याच्या अस्तरात हजारो अळ्या असतानाही मोजणी शून्य येऊ शकते. चपट्या जंतांची अंडी या तपासणीत अनेकदा सापडत नाहीत. त्यांच्यासाठी रक्तातील किंवा लाळेतील प्रतिपिंडांची चाचणी अधिक भरवशाची असते. अंगावरील तकाकीवरून तर काहीच ठरवू नये. चमकदार कातडीचा, धष्टपुष्ट घोडा एका ग्रॅममागे हजाराहून अधिक अंडी टाकत असल्याचे आढळणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि त्याचा मालक बहुधा तपासणीला सर्वांत नाखूष असतो.

निव्वळ मोजणीवर विसंबणेही पुरेसे नाही, हे डेन्मार्कच्या अनुभवावरून दिसले. तेथे १९९९ पासून जंताची औषधे पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि उपचार तपासणीवर आधारलेला असतो. पुढे असे लक्षात आले की केवळ अंड्यांच्या मोजणीवरून उपचार ठरवणाऱ्या तबेल्यांमध्ये स्ट्रॉन्गायलस व्हल्गॅरिस पुन्हा डोके वर काढत आहे. म्हणून आता असे सुचवले जाते की प्रत्येक प्रौढ घोड्याला, मोजणी कितीही कमी असली तरी, वर्षातून एकदा किंवा दोनदा औषध द्यावेच. या जंताला प्रौढ होण्यास सहा ते सात महिने लागत असल्यामुळे एवढ्या अंतराने दिलेले परिणामकारक औषधही त्याचे चक्र तोडते. याहून अधिक डोस मात्र फक्त जास्त अंडी टाकणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत.

पायरी ५ : औषध निवडावे आणि नीट द्यावे

औषधांची बाजारातील नावे अनेक असली, तरी मूळ गट मोजकेच आहेत. फेनबेंडाझोल ज्या गटात मोडते, त्या बेंझिमिडाझोल गटाला लहान स्ट्रॉन्गाइल जंत जगभर सरावलेले आहेत. शिंगरांमधील गोल जंतांवर मात्र ते बहुतेक ठिकाणी अजून चालते. पायरँटेलविरुद्धही अनेक ठिकाणी प्रतिकार आढळतो. दुप्पट मात्रेत ते चपट्या जंतांवर वापरतात. आयव्हरमेक्टिन आणि मॉक्सिडेक्टिन एकाच गटातील असून मोठ्या स्ट्रॉन्गाइलवर आणि बॉट माशीच्या अळ्यांवर ती चांगली लागू पडतात. आयव्हरमेक्टिन ज्या पदार्थापासून तयार झाले, त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ते देणारा सूक्ष्मजीव जपानमधील मातीच्या एका नमुन्यात सापडला होता. या औषधाचा काळ मागे पडू नये, अशी काळजी घेण्याची वेळ आता आलेली आहे, कारण शिंगरांमधील पॅरास्कॅरिस आयव्हरमेक्टिनला अनेक देशांत दाद देत नाही. आतड्याच्या अस्तरातील सुप्त अळ्यांवर एका डोसमध्ये परिणाम करणारे औषध मॉक्सिडेक्टिन हे आहे. चपट्या जंतांसाठी प्राझिक्वांटेल असलेले मिश्रण वापरतात.

दर वेळी औषध बदलल्याने प्रतिकार टळतो, हा समज सोडून द्यावा. फिरवाफिरवीत एखादे निकामी औषध असेल, तर पुढच्या प्रभावी औषधामुळे त्याचे अपयश झाकले जाते, एवढेच होते. जे औषध आपल्या तबेल्यात लागू पडते हे सिद्ध झाले आहे, तेच आवश्यक त्या घोड्याला आवश्यक तेव्हा द्यावे.

आयव्हरमेक्टिनची नेहमीची मात्रा दर किलोग्रॅम वजनामागे ०.२ मिलिग्रॅम आणि मॉक्सिडेक्टिनची ०.४ मिलिग्रॅम असते. पेस्टच्या सिरिंजवर वजनाच्या खुणा असतात. दांड्यावरची कडी घोड्याच्या वजनाच्या खुणेवर आणून घट्ट बसवावी आणि ती सरकत नाही ना, हे पाहावे. आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत वजन थोडे वर धरले तरी प्रौढ घोड्याला अपाय होत नाही. मॉक्सिडेक्टिनला ही सवलत नाही. ते शरीरातील चरबीत साठते, त्यामुळे अतिशय रोडावलेल्या घोड्यांना आणि लहान शिंगरांना ते पशुवैद्यकाच्या सांगण्याशिवाय देऊ नये.

पेस्ट देण्यापूर्वी घोड्याच्या तोंडात चाऱ्याचा घास उरलेला नसावा, नाहीतर घासासकट औषध बाहेर पडते. मोहरकी घालून घोड्याच्या डाव्या बाजूला उभे राहावे, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधील मोकळ्या जागेतून सिरिंज आत घालावी, टोक जिभेच्या मागच्या भागाकडे नेऊन दांडा एकदम दाबावा आणि घोडा गिळेपर्यंत त्याचे डोके किंचित वर धरून ठेवावे. डोके फार उंच ताणू नये. जमिनीवर किती पडले, हे पाहावे. बराचसा भाग थुंकला गेला असेल, तर "अर्धे तरी गेले" म्हणून सोडून न देता पशुवैद्यकाला विचारून उरलेली मात्रा पुरी करावी.

लसूण, वनस्पतींची चूर्णे किंवा विशिष्ट माती चाऱ्यात मिसळल्याने जंत पडतात, असे सांगितले जाते. घोड्यांमध्ये या उपायांनी जंतांचा भार विश्वसनीयपणे कमी होतो असे दिसून आलेले नाही, आणि त्यांच्या भरवशावर तपासणी टाळणे धोक्याचे आहे.

पायरी ६ : चौदा दिवसांनी पुन्हा तपासावे

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते, आणि माझ्या मते नवख्या अश्वपालकाने एकच सवय लावून घ्यायची असेल, तर ती ही असावी. औषधाच्या दिवशी नमुना घ्यावा आणि चौदा दिवसांनी त्याच घोड्याचा पुन्हा घ्यावा. आधी ८०० आणि नंतर ४० अंडी आढळली, तर घट ९५ टक्के झाली. हा आकडा पाहून समाधान वाटेल, पण त्याचा अर्थ औषधागणिक बदलतो. पायरँटेलने एवढी घट केली, तर ते चांगले लागू पडले असे म्हणता येते. आयव्हरमेक्टिनकडून मात्र ९९ टक्क्यांहून अधिक घटीची अपेक्षा असते, त्यामुळे तेथे ९५ टक्के ही धोक्याची खूण समजावी. बेंझिमिडाझोल गटाबाबत घट ९० टक्क्यांच्या खाली गेली, तर त्या तबेल्यातील स्ट्रॉन्गाइलसाठी ते औषध निकामी झाले असे मानावे. एका घोड्याच्या निकालात योगायोगाचा भाग असू शकतो. शक्य असल्यास एकाच कळपातील सहा किंवा अधिक घोड्यांची सरासरी काढावी, आणि तेवढे घोडे नसतील तर जितके असतील तितक्यांची.

याखेरीज औषधानंतर अंडी पुन्हा केव्हा दिसू लागतात, हेही पाहण्याजोगे असते. आयव्हरमेक्टिन नवे होते, तेव्हा हा काळ सहा ते आठ आठवड्यांचा होता. तो चार-पाच आठवड्यांवर आलेला आढळला, तर चौदाव्या दिवसाची मोजणी शून्य असली तरीही प्रतिकाराची सुरुवात झाल्याचे ते लक्षण असते.

पायरी ७ : कुरण सांभाळावे

औषध घोड्याच्या पोटातील जंतांवर काम करते, पण जंतांची मोठी फौज कुरणावर असते. लिदेतील अंड्यातून बाहेर पडलेली अळी दोन वेळा कात टाकून संसर्गक्षम होते. २५ ते ३३ अंश सेल्सिअस तापमानात आणि पुरेशा ओलाव्यात हे काही दिवसांतच घडते. थंडीत त्याला आठवडे लागतात. संसर्गक्षम अळीभोवती जुनी कात तशीच राहिलेली असते, त्यामुळे तिला काही खाता येत नाही आणि साठवलेल्या शक्तीवरच ती जगते. म्हणून उष्ण आणि कोरड्या हवेत ती लवकर संपते, ४० अंशांच्या वर तर फारच लवकर. याउलट थंड हवेत तिचा साठा पुरतो आणि बर्फाखालीही ती पुढच्या ऋतूपर्यंत टिकते. कडाक्याच्या थंडीने कुरण स्वच्छ होते, ही कल्पना म्हणूनच चुकीची आहे.

आठवड्यातून दोनदा कुरणातील लीद उचलणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. अळ्या लिदेतून बाहेर पडून गवतावर चढण्याआधीच ती हलवली गेली, तर चक्र तेथेच तुटते, आणि कोणताही जंत फावड्याविरुद्ध प्रतिकार निर्माण करू शकत नाही. ज्यांच्याकडे वेळ किंवा माणूसबळ कमी आहे, त्यांनी औषधाच्या एका जादा डोसपेक्षा या कामावर खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. उचललेली लीद ताजी असताना घोड्यांच्या कुरणावर खत म्हणून पसरू नये. ती ढीग करून, अधूनमधून उलथून, आतून चांगली तापेपर्यंत कुजवावी. स्ट्रॉन्गाइलच्या अळ्या ४० अंशांच्या वर टिकत नाहीत, पण पॅरास्कॅरिसची अंडी मरण्यासाठी याहून बराच जास्त ताप लागतो.

घोडे कुरणाच्या ठराविक भागांत लीद टाकतात आणि तेथे चरणे टाळतात; त्या उंच गवतात अळ्यांची दाटी कित्येक पटींनी अधिक असते. जागेच्या मानाने घोडे जास्त झाले, की त्यांना त्याच भागात तोंड घालावे लागते. लीद फोडून पसरवण्यासाठी कुरणावर दाताळे फिरवण्याची पद्धत आहे, पण ओल्या किंवा सौम्य हवेत तसे केल्यास अळ्या सगळीकडे पोहोचतात. ते फक्त उष्ण, कोरड्या दिवसांत करावे आणि त्यानंतर काही आठवडे तेथे घोडे सोडू नयेत. गाई किंवा मेंढ्यांबरोबर आळीपाळीने चराई करता येत असेल, तर उत्तम, कारण घोड्याचे बहुतेक जंत त्यांच्या पोटात वाढत नाहीत. औषध दिल्याबरोबर घोडे स्वच्छ कुरणात हलवण्याची जुनी रीत मात्र टाळावी : औषधातून वाचलेल्या जंतांनाच त्यामुळे नवे कुरण मोकळे मिळते.

पायरी ८ : शिंगरे आणि नवे घोडे यांचा वेगळा विचार करावा

वर सांगितलेला निवडक उपचार प्रौढ घोड्यांसाठी आहे. शिंगरांना तो जसाच्या तसा लावू नये. त्यांना पहिला डोस साधारण दोन ते तीन महिन्यांच्या वयात, गोल जंतांवर लागू पडणाऱ्या औषधाचा, आणि दुसरा दूध तोडण्याच्या सुमारास दिला जातो. त्या वेळी लिदेची तपासणी करून गोल जंतांचा जोर आहे की स्ट्रॉन्गाइलचा, हे पाहून औषध ठरवतात. पुढील वर्षभर त्यांना जास्त अंडी टाकणारे समजूनच वागवावे, आणि सर्वांत कमी दूषित कुरण त्यांच्यासाठी राखावे.

गोल जंतांनी पोट भरलेल्या शिंगराला एकाएकी जोरदार औषध दिले, तर लुळे पडलेले जंत लहान आतड्यात गुंता होऊन अडकतात आणि जीवघेणा पोटशूळ उठतो. आतापर्यंत कधीच औषध न दिलेल्या, चार-पाच महिन्यांच्या, पोट सुटलेल्या शिंगराच्या बाबतीत म्हणूनच स्वतः निर्णय घेऊ नये.

बाहेरून आलेला घोडा स्वतःबरोबर दुसऱ्या तबेल्यातील प्रतिकारक्षम जंत आणत असतो. त्याला आल्याबरोबर कळपात सोडू नये. लीद तपासून औषध द्यावे, निदान तीन दिवस बांधून ठेवावे, त्या काळातील लीद वेगळी टाकावी आणि चौदा दिवसांनंतरची तपासणी समाधानकारक आल्यावरच त्याला इतरांच्या कुरणात सोडावे.

पायरी ९ : पशुवैद्यकाला केव्हा बोलवावे

पोटाकडे वळून पाहणे, जमिनीवर लोळणे, पायाने पोटावर मारणे, घाम फुटणे, लीद बंद होणे ही पोटशूळाची लक्षणे दिसली, तर जंतांचे औषध घरच्या घरी देऊन वाट पाहू नये. औषध दिल्यानंतर पुढील दोन-तीन दिवस शिंगरांवर विशेष लक्ष ठेवावे. आयव्हरमेक्टिन आणि मॉक्सिडेक्टिन कुत्र्यांना, विशेषतः कोली जातीच्या कुत्र्यांना, विषारी ठरू शकतात. सांडलेली पेस्ट पुसून घ्यावी, वापरलेल्या सिरिंज त्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत आणि औषध दिलेल्या घोड्याची लीदही त्यांना खाऊ देऊ नये.

जुलाब आणि झपाट्याने उतरणारे वजन घेऊन एखादा तरुण घोडा आजारी पडला, तर पशुवैद्यक आल्यावर पहिल्यांदा नोंदवही पुढे करावी. शेवटचे औषध कोणते, किती मात्रेत आणि किती दिवसांपूर्वी दिले, हे त्यांना लगेच कळणे आवश्यक असते, कारण आतड्यातील प्रौढ जंत औषधाने गेल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत अस्तरातील सुप्त अळ्या एकदम बाहेर पडल्याची उदाहरणे आहेत. अशा वेळी लिदेच्या तपासणीत एकही अंडे न सापडणे शक्य आहे, आणि "अहवाल शून्य आहे, म्हणजे हे जंतांमुळे नाही" असे सांगून निदानाला फाटा देऊ नये.